अर्थिंगला पाणी घातलंत का?

जोधपुरात घरच्या विजेचं काम निघालं की एक गोष्ट लगेच कळते. इलेक्ट्रिशियन आपण ठरवायचा नसतो, तो आधीच ठरलेला असतो. प्रत्येक गल्लीचा एक. मी शेजारच्या काकूंना विचारलं, दूधवाल्याला विचारलं, कोपऱ्यावरच्या मिरचीवडेवाल्याला विचारलं. तिघांनी एकाच माणसाचा नंबर दिला आणि तिघांनी एकच पुस्तीही जोडली, की माणूस एकदम चोख, फक्त वेळेचा भरवसा नाही. पुण्यात दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे मला हा सौदा फायद्याचाच वाटला.

त्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणते. फोन केला की पलीकडून "अबार आऊं सा" असं इतक्या अदबीनं उत्तर येतं, की आपण सरळ जाऊन दार उघडून उभे राहतो. मग दार लावून घेतो, कारण लू आत येते. मग पुन्हा उघडून बघतो. पहिल्या आठवड्यात मी हे बरंच केलं. नंतर शेजारच्या काकूंनी समजावलं की जेठ महिन्यात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात गच्चीवर पाऊल ठेवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर वेडा. उस्ताद दोन्ही नव्हेत. ते पहाटे साडेपाचला, आपण बनियनवर असताना, शिडी भिंतीला टेकवून "साब, कठै है बोर्ड?" म्हणून विचारतात. आणि त्या वेळी आपल्यालाच आठवत नसतं की बोर्ड कुठे आहे.

उन्हाचं म्हणाल तर इथून दोन-अडीच तासांच्या अंतरावर फलोदी आहे. तिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं आणि देशातला उच्चांक ठरला. फलोदीची दुसरी ख्याती म्हणजे तिथला सट्टाबाजार. निवडणूक असो, पाऊस असो, कशावरही भाव निघतो. उस्ताद आज येतील की नाही, यावर मात्र तिथेही कुणी पैसे लावणार नाही, असं आमच्या घरमालकांचं मत आहे.

आम्ही इथे आलो बायकोच्या नोकरीमुळे. ती सौरऊर्जेतली विद्युत अभियंता. फलोदीच्या पुढे भाडल्याला जे सोलर पार्क आहे त्याची क्षमता २,२४५ मेगावॅट, पसारा सुमारे चौदा हजार एकर, आणि पॅनेलवरची वाळू झाडायला यंत्रमानव. त्या मुलखात तिचं काम चालतं. तिचा दिवस ३३ हजार व्होल्टच्या खाली उतरत नाही. घरातला पंखा बंद पडला की ती शांतपणे म्हणते, "हे लो टेन्शन. माझा विषय नाही." आणि सगळं टेन्शन माझ्याकडे येतं.

आमची पहिली तक्रार अशी की रोज दुपारी तीनच्या सुमाराला एसीचा एमसीबी पडायचा. रात्री नाही, सकाळी नाही, बरोबर तीनला. मी पुण्याला सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते आयुष्यभर वीज खात्यात काढून निवृत्त झालेले आहेत. निवृत्त ते झालेत, खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी माझ्याकडून घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहून घेतले, बेरीज करायला लावली, दोनदा तपासायला लावली आणि निकाल दिला, "जावईबापू, लोड बरोबर आहे. एमसीबी पडायचं कारणच नाही." हा निकाल मी एमसीबीला ऐकवला असता, पण तो तेव्हा पडलेला होता.

घरमालकांचा तोडगा सोपा होता. ३२चा काढा, ४०चा बसवा. "फिर कभी नहीं गिरेगा." बरोबर आहे, मग वायर पेटली तरी तो पडणार नाही.

उस्ताद कधी नव्हे ते दुपारी आले, तेव्हा त्यांनी पेटी उघडलीच नाही. अंगणात उभं राहून ते घराकडे बघत राहिले. सूर्य कुठे मावळतो ते विचारलं. पाण्याची टाकी कुठे आहे, आंधी कोणत्या बाजूनं येते, मागच्या भिंतीला सावली आहे का, तेही विचारलं. मला वाटलं, मी चुकून वास्तुशास्त्रवाल्याला बोलावलं. मग त्यांनी पोर्चमधल्या लोखंडी पेटीवर हाताचा पंजा ठेवला आणि लगेच उचलला. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर होती आणि दुपारनंतरचं सगळं ऊन थेट तिच्यावर होतं.

"साब, लोड तो ठीक है. इनै लू लागगी सा."

मी हे सासऱ्यांना सांगितलं, तर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "च्यायला, बरोबर आहे." एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त प्रवाह गेला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. त्या एमसीबीवर जो आकडा छापलेला असतो तो ३० अंश तापमान धरून ठरवलेला. आता ती पट्टी प्रवाहानं तापली काय आणि जोधपूरच्या सूर्यानं तापली काय, तिला काय कळणार? ती बिचारी अर्धी वाकूनच कामाला लागलेली असते, उरलेलं काम एसी करतो. उस्तादांनी ४०चा एमसीबी बसवायला साफ नकार दिला. "तार तो वाही है नी," म्हणाले. पेटी आतल्या बोळात हलवायची, एवढाच उपाय.

एवढाच! पेटी हलवायची म्हणजे वायर फिरवायची. मी महाराष्ट्रातून आलेला माणूस. भिंतीत झिरी पाडायची, पाइप टाकायचा, वर प्लास्टर, वर रंग, आणि वायर कुठून गेली हे पुढच्या भाडेकरूला खिळा ठोकल्यावर कळायचं, ही आपली पद्धत. मी म्हटलं, "कन्सील्ड करू या." उस्तादांनी आपल्या चेल्याकडे पाहिलं. चेल्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंत छित्तरच्या दगडाची होती.

हा छित्तर म्हणजे इथला वालुकाश्म. उमेद भवन राजवाडा याच दगडाचा आहे. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९२९ साली बांधायला काढला आणि १९४३पर्यंत बांधत होते. त्यात ३४७ खोल्या आहेत. आमच्या घरमालकांच्या वडिलांनी राजवाडा बांधला नाही, पण भिंतीची जाडी तीच ठेवली. उस्तादांनी माझ्या समाधानासाठी कटर लावून वीतभर झीर पाडून दाखवली. पिवळट-गुलाबी धुळीचा लोट उठला. शेजारच्या काकूंनी आंधी आली समजून गच्चीवरचे पापड काढून घेतले. धूळ बसल्यावर उस्ताद म्हणाले की पूर्ण भिंत अशी करायची तर करू, पण मग अर्धं काम मी करीन आणि अर्धं माझा मुलगा. मुलगा तेव्हा सातवीत होता.

तर वायर भिंतीवरूनच, प्लास्टिकच्या केसिंगमधून गेली. दिसायला काही फार सुंदर नाही, पण कुठून कुठे गेली ते तरी कळतं. छताची कथा याहून मजेशीर आहे. जुन्या पद्धतीच्या घरात स्लॅब नसतो. लोखंडी गर्डरवर दगडाच्या लांबच लांब पट्ट्या शेजारी शेजारी टाकलेल्या असतात. त्या पट्टीत भोक पाडून पंख्याचा हुक अडकवायचा म्हणजे उद्या पट्टी आणि पंखा एकदमच खाली. म्हणून पंखा गर्डरला लटकवतात. म्हणजे गर्डर जिथे तिथे पंखा, पंखा जिथे तिथे पलंग. आमच्या घरातलं फर्निचर कसं मांडायचं यावर माझं आणि बायकोचं एकदाही भांडण झालेलं नाही. ते घरमालकांच्या वडिलांनी आणि गर्डरच्या व्यापाऱ्यानं पूर्वीच ठरवून ठेवलंय.

याच सुमाराला बायकोच्या ऑफिसात वेगळीच धांदल चालली होती. इथला गोडावण, म्हणजे आपला माळढोक, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे, तो विजेच्या तारांना धडकून मरतो. एवढा जड पक्षी, त्यात समोरचं त्याला नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली त्याच्या मुलखातल्या उच्च दाबाच्या तारा शक्य तिथे जमिनीखाली न्या असं सांगितलं. मग ते किती शक्य आहे, यावर खल झाला. २०२४ साली न्यायालयानं तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. रात्री जेवताना बायको हे सांगत होती आणि मी समोरच्या भिंतीवरच्या केसिंगपट्टीकडे बघत होतो. पक्ष्यासाठी चक्क जमिनीखालून तार न्यायचा विचार होतो आणि मला भिंतीच्या आतून मिळत नाही. उस्तादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "साब, गोडावण कितरा बच्या है? थे तो घणा हो." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं प्रकरण पुढेच आहे. कूलर.

मुंबईकराला कूलर कळत नाही, कारण मुंबईत तो चालत नाही. हवेतच इतका ओलावा असतो की कूलरच्या पाण्यानं वाफ होऊन जायचं कुठे? इथे मे महिन्यातली हवा इतकी कोरडी, की ओला टॉवेल खुर्चीवर टाकून चहा प्यायला गेलो तर परत येईपर्यंत पापड झालेला असतो. अशा हवेत पत्र्याचा चौकोनी कूलर, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या, तळाशी पाणी, त्यात एवढासा पंप आणि समोर भला मोठा पंखा, हे यंत्र एसीच्या तोंडात मारतं. जुलैत पावसाळी हवा आली की त्याचा सगळा रुबाब उतरतो. पण तोवर घरात मान त्याचाच.

आता बघा, पत्र्याचं खोकं, आत पाणी, पाण्यात मोटार, आणि मोटारीचं वेष्टण खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं. हात लावला की झिणझिण्या येणारच. या झिणझिण्यांबद्दल इथल्या लोकांचं धोरण मला फार दिवस कळलं नाही. घरमालकांच्या आई, ज्यांना सगळे माँसा म्हणतात, त्यांच्या कूलरजवळ रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला. मला वाटलं, कुणीतरी विसरलं असेल. तो कूलरचा जोड होता. कूलरचं बटण दाबायचं तर आधी ती चप्पल घालायची, मग एक बोट लावायचं. घरातल्या लहान मुलांनाही हे पाठ. कूलरनं चावणं हा त्याचा स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. प्रत्यक्षात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या इकडच्या पेपरांत येतात. त्या वाचून लोक चप्पल नवी आणतात.

आमच्या कूलरनं मला चांगलाच झटका दिला तेव्हा मी उस्तादांना बोलावलं. ते आले, त्यांनी बोटांची मागची बाजू कूलरच्या पत्र्याला निसटती लावली, टेस्टर लावला, तो लागला. मग माझ्याकडे वळून त्यांनी जो प्रश्न केला, तो मला आयुष्यात कुणी केलेला नव्हता.

"साब, अर्थिंग नै पाणी कद पायो?"

मी म्हटलं, कुणाला?

अर्थिंग म्हणजे काय हे मला शाळेपासून माहीत आहे, प्लगमधली ती जाड पिन. ती पिन पुढे कुठे जाते याची चौकशी मी कधी केली नव्हती. ती हिरव्या वायरीनं जमिनीत जाते. तिथे खड्डा असतो, खड्ड्यात लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. गळकी वीज त्या वाटेनं जमिनीत जिरावी, म्हणजे माणसातून जायची वेळ येत नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत हे सगळं बिनबोभाट होतं, कारण ती माती ओल धरून ठेवते आणि ओली माती वीज सहज घेते. ओल्या चिकणमातीची रोधकता दहा-वीस ओहम-मीटरमध्ये मोजतात, कोरड्या वाळूची हजारांत. म्हणजे इथली जमीन वीज घ्यायला तयारच नसते. ती म्हणते, आधी पाणी पाजा, मग बघू.

त्यात आमच्या वस्तीत वाळूचा थर वरवरचाच. खाली मालाणी ऱ्हायोलाइट, ज्वालामुखीतून आलेला, पंच्याहत्तर कोटी वर्षांच्या आसपासचा खडक. मेहरानगढ किल्ला याच्यावर उभा आहे. किल्ला बांधायला असा खडक फार उत्तम, पण त्यात अर्थिंगचा खड्डा खणायचा म्हणजे चेल्याच्या पहारीची परीक्षा. म्हणून उस्ताद नवा खड्डा खणायच्या आधी नेहमी जुना शोधतात. आमचा सापडला बोगनवेलीच्या मागे. झाकणावर वितभर वाळू, त्यावर एक टेनिसचा चेंडू, एक फुटकं मडकं आणि मांजरीचा कायमचा बसायचा कोपरा. मांजर उठायला तयार नव्हती.

पुढे जे झालं ते मी फोन भिंतीला टेकवून सासऱ्यांना थेट दाखवत होतो. उस्तादांनी पिशवीतून एक होल्डर काढला. त्याला दोन उघड्या वायरी आणि शंभर वॅटचा जुन्या काळचा पिवळा बल्ब. एक वायर फेजला लावली आणि दुसरी अर्थिंगच्या पाइपला. बल्ब लागला नाही म्हणणं बरोबर नाही. आतली तार एवढीशी लाल झाली आणि तशीच राहिली.

"अहो, हे काय चाललंय?" फोनमधून सासरे ओरडले. "हे नियमात बसत नाही! मेगर कुठाय? अर्थ टेस्टर कुठाय? जावईबापू, लांब व्हा! मांजर हटवा!"

उस्ताद फोनकडे वळून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "बाऊजी सा, खम्मा घणी. टेस्टर थे भेज दो, म्हैं उण सूं कर देस्यूं." मग मला म्हणाले, "एक बाल्टी पाणी लाओ."

इथे पाण्याबद्दल सांगायला हवं. जोधपूरला पाणी येतं ते थेट हिमालयातून. पंजाबातून निघालेला इंदिरा गांधी कालवा, त्यातून वर उचलून आणलेला राजीव गांधी कालवा, असं शेकडो किलोमीटर फिरून. दर उन्हाळ्याच्या तोंडाला या कालव्याची डागडुजी निघते. ती नहरबंदी. मग शहरात नळाला दिवसाआड पाणी. म्हणजे जेव्हा कूलरला सगळ्यात जास्त पाणी लागतं, जेव्हा जमीन सगळ्यात कोरडी, नेमकं तेव्हा पाणी कमी. त्या सकाळी टाकीत जेवढं होतं त्यात माझी अंघोळ, भांडी आणि कूलर, असं तिघांचं वाटप बायकोनं करून ठेवलं होतं. आता चौथा गडी आला. कुणाच्या वाट्याचं जाणार हे सांगायला नको.

माझ्या अंघोळीची बादली हळूहळू पाइपच्या नरसाळ्यात ओतली जात होती आणि सगळे बल्बकडे बघत होते. घरमालक, माँसा, चेला, शेजारच्या काकू, फोनमधले सासरे. आधी काहीच नाही. पाणी गुडगुड करत खाली गेलं. मग तारेचा लाल रंग नारिंगी झाला. अर्धी बादली झाल्यावर पिवळा. माँसानं आतून डबाभर मीठ आणलं, ते घालून उरलेलं पाणी ओतलं आणि बल्ब असा लखलखला की काकूंनी टाळ्या वाजवल्या. शंभर वॅटचा बल्ब लागलेला बघून टाळ्या वाजवणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मीही वाजवल्या.

सासरे म्हणाले, "पद्धत धोक्याची आहे, घरी कुणी करायची नाही. पण निदान अचूक आहे." मग त्यांनी विचारलं की कोळसा कोणता घालता, लाकडी की दगडी? उस्ताद म्हणाले, लाकडीच. सासऱ्यांनी मराठवाड्यातल्या कुठल्याशा दुष्काळातली एक ट्रान्सफॉर्मरची गोष्ट सुरू केली, जिथे टँकरनं अर्थिंगला पाणी घालावं लागलं होतं. उस्तादांनी त्यावर बाडमेरची गोष्ट सांगितली. फोनची बॅटरी संपेपर्यंत मी उन्हात फोन धरून उभा होतो. आता ते दोघं परस्पर बोलतात. माझा फोन उस्ताद उचलतातच असं नाही. पुण्याचा पहिल्या रिंगला उचलतात.

सासऱ्यांच्या आग्रहावरून मी परवान्याचंही विचारून घेतलं. विजेचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं असा कायदा आहे आणि तो योग्य आहे. उस्ताद दुसऱ्या दिवशी परवाना घेऊन आले. लॅमिनेट केलेला, कोपरे उंदरानं खाल्लेला. फोटोतला मुलगा राजेश खन्नासारखे केस ठेवून होता. मी फोटोकडे आणि मग उस्तादांच्या टकलाकडे पाहिलं. ते म्हणाले, "गरमी घणी है सा."

त्याच फेरीत त्यांनी ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, बसवला. जमिनीचा भरवसा नाही म्हणून. अर्थिंग कोरडं पडलं आणि कूलर पुन्हा चावायला लागला, तर जिवावर बेतायच्या आधी हा पडेल. तरी मी अधूनमधून अर्थिंगला पाणी घालतो. माँसा तर वैशाखात पिंपळाला पाणी घालून परत येताना एक तांब्या अर्थिंगलाही घालतात. परवा झाकणावर कुंकवाचं बोट दिसलं. कूलरची चप्पल मात्र त्यांनी हलवलेली नाही. विज्ञानावर विश्वास आहे, पण चप्पल असलेली बरी.

आंधीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती आली की लिहायला लाइट नसतो. क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहते, वीज जाते, आणि दोन तासांनी परत येते तेव्हा घरातल्या प्रत्येक बटणात वाळू गेलेली असते. बटण दाबलं की आधी करकर आवाज येतो, मग दिवा. उस्तादांनी वापरात नसलेल्या सगळ्या प्लगना टेप लावायला सांगितलं. आत पाली शिरतात म्हणून नव्हे. पाल शिरली तर एकदा भडका उडतो आणि विषय संपतो. वाळू रोज थोडीथोडी शिरते.

खरा घाम फुटतो तो पैशांच्या वेळी. मी सुरुवातीलाच विचारलं होतं, अंदाजे किती होतील? उस्ताद हसले. काम झाल्यावर विचारलं, किती झाले? उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले, "थांरै सूं कांई लेवां सा. जो समझो, दे दो."

पुण्यात मजुरीचा आकडा ऐकून आपण भडकतो, घासाघीस करतो, शंभर कमी करून घेतो आणि समाधानानं झोपतो. इथे आकडाच नाही. घासाघीस कुणाशी करायची, स्वतःशी? कमी दिले तर आपली लाज, जास्त दिले तर घरमालक म्हणणार, तुम्ही बाहेरची माणसं भाव बिघडवता. मी काकूंना विचारायला गेलो. त्या म्हणाल्या, "जो समझो." मिरचीवडेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, समजून द्या. सगळ्या शहरानं मिळून माझी समज तपासायला घेतली होती. शेवटी मी एक आकडा ठरवला, त्यात शंभर घातले, मग पन्नास काढले आणि पाकिटात घालून दिले. उस्तादांनी न मोजता खिशात टाकले. दाराशी जाऊन थांबले. माझ्या काळजाचा ठोका चुकला. म्हणाले, "छोरै नै चाय रा."

चेल्याच्या चहाचे म्हणून मी जे दिले, ते पुण्यात चहा, नाश्ता आणि एक जेवण होतील एवढे होते.

उन्हाळ्यात उस्तादांनी आमच्या गीझरची वायर सोडून टाकली होती. हा इथला रिवाजच. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट हाताला भाजतं, म्हणजे थंडच्या नळाला कडकडीत गरम पाणी. उलट बंद गीझर घरात सावलीत असतो, म्हणून त्यात रात्री भरून ठेवलेलं पाणी त्यातल्या त्यात गार. तेव्हा अंघोळीला थंड पाणी हवं असेल तर लाल खुणेचा नळ सोडायचा, हे आम्ही शिकलो. पाहुण्यांना शिकवायला वेळ लागतो. मधल्या काळात बाथरूममधून किंकाळ्या येतात.

डिसेंबरात सासरे पुण्याहून आले. वाळवंटात थंडी नसते या समजुतीनं एक हाफ स्वेटर घेऊन. जोधपूरची डिसेंबरातली पहाट तुमच्या समजुतीची पर्वा करत नाही. सकाळी सहाला ते पंचा लावून बाथरूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, गीझर चालत नाही. मी म्हटलं, वायर सोडलेली आहे, उस्तादांना फोन लावतो, पण ते दुपारपर्यंत येतील की नाही... माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी स्वतःच फोन लावला होता. दहा मिनिटांत उस्ताद दारात, डोक्याला मफलर, हातात मिरचीवड्यांची पुडी आणि मागे चेला. "बाऊजी सा पधार्या!" गळाभेट झाली. चहा झाला. वडे झाले. दोघं गीझरसमोर स्टूल टाकून बसले. उस्तादांनी वायर जोडायला घेतली तर सासरे म्हणाले, थांबा, गीझर म्हणजे पाण्याची वस्तू, आधी अर्थिंग बघू. उस्ताद म्हणाले, बाऊजी सा, मैं यही बोलने वाला था. दोघं बोगनवेलीमागे गेले. सासऱ्यांनी कोटाच्या खिशातून पुण्याहून आणलेला अर्थ टेस्टर काढला, उस्तादांनी पिशवीतून बल्ब काढला आणि कोण खरं सांगतो यावर पैज लागली. माँसा मीठ घेऊन आल्या. सासऱ्यांनी मान वळवून मला हाक मारली.

"जावईबापू, उभे काय? दोन बादल्या पाणी आणा. गार चालेल."